पाणी पायरीशी आहे

९ फेब्रुवारी

इथं भांडायला कोणी नाही, म्हणून लिहायला बसलो. उभा जन्म अकोल्याच्या कोर्टात वाद घातला आणि उरलेला वाद संध्याकाळी घरी येऊन चारुशीलेशी घातला. आता समोर फक्त तळं आहे, आणि तेही काढता पाय घेतंय.

गंमत नाही ही. दिवाळीच्या आधी हे घर उभं राहिलं तेव्हा पाणी ओसरीच्या शेवटच्या पायरीला लागलं होतं. बसल्या जागी पाय बुडत. बार्शीटाकळीच्या पुढे, टेकडीच्या पायथ्याशी, सागाच्या ओंडक्यांचं दीड खोलीचं घर. परतवाड्याच्या सुताराला मी बजावून सांगितलं होतं, पाण्याजवळ म्हणजे अगदी पाण्याजवळ. तलाव उन्हाळ्यात आटतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. आपलाही आटेल, हे डोक्यात आलं नाही.

चारुशीला अमरावतीला सोहमकडे आहे. दिवाळीत इथं एक रात्र राहिली. सकाळी डोळे लालभडक. म्हणाली, डोकं दुखतंय, मला सोहमकडे सोडा. नातवंडांची ओढ, दुसरं काय! तेव्हापासून तिकडेच. आता सोहमची बदली झाली हैदराबादला. मे महिन्यात सगळे जाणार, आणि आईनंही यावं असं त्यांचं म्हणणं. पाडव्यापर्यंत सांगते म्हणाली. एकदा तिकडे गेली की गेली, हे मला पक्कं ठाऊक आहे. मग हे घर मी कुणासाठी बांधलं?

आज फोन केला. तिचा पहिला प्रश्न नेहमीचाच, "पाणी कुठवर आहे?"

"पायरीशी," मी म्हणालो.

साफ खोटं. पण तिचा सगळा जीव त्या पाण्यात. पाणी नाही म्हटलं तर ती कशाला येईल?

१३ फेब्रुवारी

सकाळी चहा घेऊन ओसरीवर बसलो तर पाणी शेतभर लांब. मधे नुसता ओला चकाकणारा गाळ, बगळ्यांच्या पावलांनी भरलेला. आपली पायरी उगाच हवेत लोंबतेय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सूर्यभान बांधावरून चालला होता. शेजारचं शेत त्याचं, ही जागाही त्याच्याकडूनच घेतलेली. म्हटलं, "सूर्यभानजी, हे पाणी चाललं कुठे?"

"गव्हाले. कालवा सुरू हाये ना साहेब. अन् उन्हाळ्यात त तसंबी आटतेच."

"मग मला सांगायचं नाही का?"

"तुमी इचारलंच नाई."

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात असता तर दाखवलं असतं त्याला. इथं काय करणार!

मागून त्याची बायको जमुना आली, डोक्यावर टोपलं. माझं तोंड बघून हसायलाच लागली. "पानी गेलं त जाऊ द्या ना बाप्पा! जमीन त मोकळी करून गेलं. आता आमी गाळपेर करतो, तुमी बी या."

पाणी मागे सरकलं की तळाच्या गाळात टरबुजं, काकड्या लावतात, ती गाळपेर. तळ्यात पाणी परत येईपर्यंत ते शेत. माझ्या घरासमोरच्या पट्ट्याची परवानगी दरवर्षी सूर्यभानचीच असते. त्यातला एक तुकडा मला देतो म्हणाला. मी लगेच हो म्हणालो. पाणी नाही तर नाही, चारू आली तर समोर हिरवं तरी दिसेल तिला.

१६ फेब्रुवारी

कंबर म्हणजे काय चीज असते ते आज समजलं. दिवसभर आळी खणली. एकेका आळ्यात शेणखत, वरून गाळ, त्यात ओल्या फडक्यात बांधून मोड आणलेल्या बिया. माती अशी मऊ की हात आत घातला तर काढावासा वाटत नाही. वरवर कोरडी दिसते आणि चार बोटं खाली गार ओल. दुपारी एका आळ्यात हात घालून किती वेळ तसाच बसलो होतो कोण जाणे. जमुनानं हाक मारली तेव्हा भानावर आलो.

ती म्हणाली, "वकिलीणबाई काहून येऊन नाई राहिल्या?"

"येणार आहे."

"काय आवडते त्याईले? टरबूज का डांगर?"

खरबुजाला इकडे डांगर म्हणतात. मी विचार करत राहिलो. इतक्या वर्षांचा संसार, आणि मला सांगता येईना. उन्हाळ्यात मी जे आणायचो ते ती कापायची, एवढं आठवतं. शेवटी दोन्ही लावलं. काकडीही लावली. कोहळंही लावलं. एका कोपऱ्यात झेंडूचं बी टाकलं, त्यावर जमुना म्हणाली, हे गाळात नाई यायचं. बघू.

२४ फेब्रुवारी

चारूचा फोन. पाणी कुठवर? पायरीशी.

मग विचारते, "रात्री आवाज येतो का हो अजून?"

म्हटलं, "येतो तर! चुबुक चुबुक, रात्रभर. लाकडी घर ना, सगळ्या घरात घुमतो. गादीवर पडलं की वाटतं होडीतच निजलोय."

माझं बोलणं पुरं व्हायच्या आत तिला स्वयंपाक आठवला. म्हणाली, कुकर लावलाय, ठेवते.

तसंही इथं नेटवर्कची बोंबच आहे. कार्तिकात एकदा मुद्दाम पायरीवर उतरलो, फोन पाण्याला जवळजवळ टेकवून धरला, म्हटलं, चारू, ऐक, नुसतं ऐक. मधेच कटला. नंतर लागलाच नाही.

आता ऐकवायला पाणीही नाही. पण वर्णन करायला काय जातं? वर्णनात मी कधी कमी पडलो नाही.

४ मार्च

उगवलं!

काल संध्याकाळी काही नव्हतं. आज उजाडता बघतो तर प्रत्येक आळ्यात दोन दोन जाड पानं, हात जोडून उभी. मी अनवाणीच खाली गेलो. धुकं होतं. पाणी आता इतकं लांब गेलंय की धुक्यात ते आहे की नाही तेही कळत नाही, फक्त तिकडून बदकांचा आवाज येतो. ती म्हणे थंडीपुरती आलेली, आता उत्तरेला निघतील. निघण्याआधी सगळी मिळून काहीतरी बोलत असतात. मी कान देऊन ऐकत उभा राहिलो. हा तळ्याचा तळ, इथं दिवाळीत दोन पुरुष पाणी होतं, मासे फिरत होते जिथं माझं डोकं आहे तिथं. आता मी फिरतोय. कुणाला सांगितलं तर म्हातारा चळला म्हणतील.

माझ्या पट्ट्याच्या टोकाला टिटवीनं अंडी घातली आहेत. घरटं कसलं, मातीतच चार खडे बाजूला करून. मातीच्याच रंगाची, पाय पडता पडता राहिला. ती माझ्या डोक्यावर अशी ओरडत फिरली की सत्र न्यायाधीश बरे. मी दोन्ही हात जोडून मागे सरकलो. जमुनानं तेवढा तुकडा खुरपायचा नाही असं ठरवलंय. "तिची पन गाळपेरच हाये," म्हणाली.

टेकडीवर पळस पेटलाय. खाली कडुनिंबाला मोहोर यायला लागला. दुपारी वारा सुटला की त्याचा कडवट गोड वास थेट घरात येतो आणि माझे डोळे मिटतात. एवढी झोप मला वकिलीत कधी लागली नव्हती. चारूनं हे बघायला हवं. मला एकट्याला बघून पुरत नाही, खरं सांगायचं तर.

१४ मार्च

धुळवड. जमुनानं पळसाच्या फुलांचा रंग उकळून आणला आणि तिनं आणि सूर्यभाननं मिळून मला पार भिजवलं. वेल आता जमिनीवर पसरायला लागलेत. झेंडूही उगवला. जमुनाला बोलावून दाखवला. "असन एखांदा," म्हणाली आणि चालती झाली.

दुपारी चारूचा फोन. आवाज खाली गेलेला. "अहो, सोहम तिकिटं काढतोय. मी जाते म्हणते त्यांच्याबरोबर."

 काय बोलू सुचेना, आणि सुचेना तेव्हा मी जास्त बोलतो. म्हटलं, "अगं, वेडी का काय तू! यंदा तळं असं भरलंय, दिवाळीपेक्षा जास्त. पायरी बुडाली. दुसरी पण बुडाली. ओसरीवर बसून हात घातला की पाणी. असं भाग्य कुणाला मिळतं?"

"दुसरी पण?" एवढंच म्हणाली.

"तर! आता घरातच येतं की काय!"

फोन ठेवला तिनं. मी युक्तिवाद चांगला केला होता असं मला वाटत होतं.

१६ मार्च

तिनं सोहमला हो सांगितलं. सोहमनंच कळवलं. पाडव्यापर्यंतही थांबली नाही.

२२ मार्च

रोही घुसले, म्हणजे नीलगायी. पहाटे बघतो तर अर्धे वेल तुडवलेले, शेंडे खाल्लेले, नुकती आलेली पिवळी फुलं चिखलात. जमुनानं जुनी लुगडी बांधली होती कुंपणाला, ती बघून रोही पळतात म्हणे. पळाले नाहीत. तीच कपाळाला हात लावून बसली. मग उठली आणि उरलेले वेल उचलून सरळ करायला लागली. मी तसाच ओसरीवर बसून राहिलो. स्वतःलाच म्हटलं, मोरोपंत, कुणासाठी चाललंय हे?

टिटवीची अंडी शाबूत आहेत.

३० मार्च

पाडवा. गुढी उभारली ओसरीवर, पाण्याच्या दिशेला तोंड करून. पाणी आता दूर एक चांदीची पट्टी. कडुनिंबाची फुलं गुळात कालवून खाल्ली, एकट्यानं. सूर्यभानकडून पुरणपोळी आली. सगळं होतं आणि काही गोड लागेना.

फोन लावला. शुभेच्छा वगैरे झाल्या. तिनं विचारलं, "पाणी कुठवर आहे?"

आणि मला एकदम सगळ्याचा कंटाळा आला. म्हटलं, "पाणी नाहीये गं. गेलं. फेब्रुवारीपासूनच जायला लागलं होतं, मी तुला खोटं सांगत होतो. तू येशील म्हणून. सगळा नुसता गाळ आहे, त्यात मी काकड्या लावल्या होत्या, त्याही रोह्यांनी खाल्ल्या. दाखवायला काही नाही इथं. जा तू हैदराबादला."

 मला वाटलं, आता फोन ठेवेल.

"किती लांब गेलं?"

"सहज अर्धा किलोमीटर. जास्तच."

"आवाज?"

"कसला आवाज? टिटवी ओरडते तेवढाच."

"मग मी येते पुढच्या रविवारी. थोडे दिवस."

फोन हातात धरून बसलोय. भरलेलं तळं होतं तेव्हा येत नव्हती, आणि आता आटलं तर येते म्हणते! या बाईचा कधी ठाव लागला नाही मला. दया आली असेल माझी, दुसरं काय.

६ एप्रिल

मी डांबरी रस्त्यावर तिची वाट बघत उभा, ऑटो येईल म्हणून. ती आली मागून. तळ्याच्या पलीकडे एसटी थांबते, आणि तळ सुकला की लोक सरळ मधून चालत येतात. हे तिला बसमधल्या बायकांनी सांगितलं. घराकडे वळून बघतो तर तळ्याच्या तळातून चारुशीला येतेय, एका हातात चपला, खांद्याला लहानशी पिशवी, वेलींच्या मधून, उन्हात, अगदी सावकाश. जिथं दोन पुरुष पाणी होतं तिथून. मी नुसता बघत राहिलो. 

"माती किती मऊ आहे हो," म्हणाली. पहिलं वाक्य हे.

सगळा पट्टा फिरून बघितला. रोह्यांच्या तावडीतून वाचलेल्या वेलाची काकडी तोडली, पदराला पुसली, तिथंच उभ्यानं खाल्ली. जमुनाशी तर अशा गप्पा सुरू झाल्या की मी आहे हे दोघी विसरल्या. मला कळलं की तिला डांगर आवडतं. टरबूज तिला कधीच आवडत नव्हतं. आणि मी दर उन्हाळ्यात टरबूज आणत होतो!

जेवण झाल्यावर ओसरीवर चटई टाकून आडवी झाली ती दिवेलागणीपर्यंत उठली नाही. मी दोनदा जवळ जाऊन श्वास चालतोय ना ते बघून आलो. अमरावतीला झोप होत नसावी. सोहमच्या घरी पोरांचा गोंधळ असतो.

८ एप्रिल

आज कळलं. आधी कळायला हवं होतं.

सकाळी ती काकड्या सोलत होती. इतकी प्रसन्न दिसत होती की मला वाटलं, हीच वेळ. म्हटलं, "आत्ता हे असं उजाड आहे चारू, पण पावसाळ्यानंतर बघ. पुन्हा पायरीशी येईल पाणी."

तिचा हात थांबला. "तेव्हा मी हैदराबादला असेन," म्हणाली. शांतपणे.

माझ्या जिभेवर सात मुद्दे तयार होते. पहिला मांडायला तोंड उघडलं आणि तिच्या हाताकडे लक्ष गेलं. सोललेलीच काकडी ती पुन्हा सोलत होती. मग मुद्दे राहिले. मी विचारलं, "काहून गं?"

ती सांगायला लागली. सात-आठ वर्षांची असताना अकोल्याला मोर्णा नदीचं पाणी घरात शिरलं. आजोबांनी तिला माळ्यावर चढवलं आणि रात्रभर ती तिथं एकटी, अंधारात. कोणी बुडालं नाही. फार काही वाहूनही गेलं नाही. पण रात्रभर खाली भिंतीवर पाणी आपटत होतं, चुबुक चुबुक, आणि तिला वाटत होतं ते एकेक पायरी वर येतंय. तो आवाज आला की तिला आजही झोप लागत नाही. श्वास अडकतो. दिवाळीत ती अख्खी रात्र गादीवर बसून होती.

"मी घोरत असेन," मी म्हणालो.

"घोरत होतात. तेवढाच आधार होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या हौसेनं बांधलेलं. आणि तुम्ही विचारलं नव्हतं कधी. घर कुठे हवं तेही नाही, मी का गेले तेही नाही. मला वाटायचं, निदान पाणी उतरलं असं म्हणाल. म्हणून रोज विचारत होते. तुम्ही म्हणायचा पायरीशी. मग म्हणालात दोन पायऱ्या बुडाल्या." सुरी खाली ठेवत म्हणाली, "तो फोन मीच ठेवला होता, कार्तिकातला."

मला रडू आलं. होय, आलं. मी तिला इथं बोलावतोय असं समजत होतो आणि प्रत्येक फोनवर स्वतःच्या हातानं तिला हैदराबादकडे ढकलत होतो. तिनं मला पदर दिला डोळे पुसायला. म्हणाली, "तळं वाईट नाही हो. लांबून बघायला किती छान आहे. फक्त ऐकू यायला नको."

९ एप्रिल

परतवाड्याच्या सुताराला फोन केला. तो म्हणाला, "जसं जोडलं तसंच खोलता येते साहेब, लाकडाचंच हाये. टेकडीवर न्याचं म्हंता? पावसाच्या आत करून देतो." सूर्यभान खालच्या जागेच्या बदल्यात टेकडीची जागा द्यायला तयार. मी जागाही ठरवून टाकली, पळसांच्या वर, सपाट, सुरेख. चुना घेऊन निघालो होतो. मग अर्ध्या वाटेतून परत आलो आणि चारूला विचारलं, "तुला कुठे हवं?"

"आवाज येणार नाही तिथं."

"ते कुठे?"

"आता कसं कळणार? पाणीच नाही."

तिनं सोहमला फोन केला, तिकीट अजून काढू नको म्हणून. "जागा सापडली तर राहीन," असं मला म्हणाली. नाही सापडली तर जाईन, हे बोलली नाही, पण मला ऐकू आलं.

१३ एप्रिल

उन्हं चढायच्या आत सगळे जमलो. मी घमेलं पाण्यानं काठोकाठ भरलं आणि ओसरीच्या शेवटच्या पायरीवर मांडी घालून बसलो. दिवाळीत जिथं पाणी होतं बरोबर तिथं. तळव्यानं पाणी लाकडावर आपटायला लागलो. चुबुक. चुबुक. पहिल्याच आवाजाला चारूनं खांदे आक्रसले. मग पाठ फिरवून ती टेकडी चढायला लागली.

जमुना पोट धरून हसत होती. "माय वो! वकीलसाहेब याडे झाले!" सूर्यभान खुंटी आणि हातोडा घेऊन उभा.

मी ठरवलेल्या जागी, पळसांच्या वर, ती थांबली. उभी राहिली. मान हलवली, नाही. पुढे निघाली. मी आणखी जोरानं वाजवायला लागलो. पावसाळी वाऱ्यात आवाज लांब जातो, कमी धरून चालणार नाही. खांदा भरून आला, पण थांबायची सोय नव्हती. हात थांबला तर तिला वाटेल इथं आवाज येत नाही, आणि जागा चुकेल. आतून मात्र वाटत होतं, टेकडी संपेल आणि हिला कुठेच चालणार नाही.

बहाव्याच्या झाडापाशी ती पुन्हा थांबली. फुलं नुकती लागली आहेत त्याला. तिथं तिनं मान हलवली नाही. खाली बसली. किती वेळ बसून राहिली, तोंड तळ्याकडे. मी वाजवतोय. मग हात उशाला घेऊन ती तिथंच आडवी झाली.

घमेल्यातलं पाणी निम्मं सांडलं होतं. जमुनानं हसणं थांबवून दुसरा हंडा आणून ओतला. वरून काही हालचाल नाही. सूर्यभान म्हणाला, "साहेब, बाई झोपल्या वाटते." आणि खुंटी घेऊन चढायला निघाला.

म्हटलं, "थांबा हो. झोप होऊ द्या तिची आधी."

तो खाली बसला. मी पाणी वाजवत राहिलो.